लांब बाह्यांची लंका

ऐक ना वर्षे, आधी सगळं ऐकून घे. मधी बोलू नको अन् हसू तर बिलकुल नको, कारण हसण्यासारखं लई हाय, अन् तू हसलीस की मी पुढचं सांगायचं इसरते. सकाळपासून त्या फ्लेक्सवाल्याचे फोन येऊन राहिलेत ना? ते कामून, ते तुला शेवटी कळंल.

आमचे मोठे काका तुला ठाऊक हाईत. रिटायर्ड शिक्षण विस्तार अधिकारी, नांदेडच्या आमच्या विहाराचे अध्यक्ष, अन् माझ्या बाबांचे थोरले भाऊ. अख्खं नगर त्यांना डी. के. सर म्हणतं. डी म्हणजे ज्ञानोबा, पण ते नाव कुणी तोंडातून काढलेलं त्यांना खपत न्हाई. आजीच्या सासऱ्यानं ठेवलेलं, जुन्या वळणाचं नाव. शाळेच्या दाखल्याला चिकटलं, तिथून नोकरीला, तिथून पेन्शनला. आमचे आजोबा तर एवढे कट्टर, की धम्म घेतला त्या साली घरातले सगळे देव टोपल्यात घालून गोदावरीत सोडून आले. हे तुला मागं सांगितलंय मी. पण पोराचं नाव त्यांना बापाच्या धाकानं बदलता आलं न्हाई. मग काकांनीच ते अक्षरात झाकून टाकलं.

तर श्रीलंकेला जायचं काकांनी ठरवलं, अन् तिकिटं हातात यायच्या आधी चौकात फ्लेक्स लागला. ‘सहकुटुंब श्रीलंका धम्मयात्रेस हार्दिक शुभेच्छा.’ मधी काका, काकांच्या निम्म्या आकाराची आजी, मागं विमान, अन् कोपऱ्यात काकांचा पोरगा, आमचा धम्मादादा, मूठ वर करून. त्याच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत बुद्ध गोंदलेला हाय. डोळे मिटलेले, खाली कमळ. काकांनी मुद्दाम तोच फोटो निवडला होता. बुद्धपौर्णिमेच्या सभेत त्यांनी दादाचा हात धरून वर केला होता अन् माईकवर म्हणले होते, “आजची पिढी धम्म कातडीवर कोरून फिरते!” लई टाळ्या. हे ध्यानात ठेव.

निघालो सहा जण. काकांना तिथला इतिहास बगायचा होता. माझ्या बाबांना समुद्र. ते म्हणायचे, “गोदेकाठी जन्म गेला, एकदा तरी पलीकडचा काठ दिसणार न्हाई असं पाणी बगू द्या.” आत्याला जंगलातले हत्ती. प्रियदर्शनी आत्या, इथंच लातूरला सरकारी दवाखान्यात नर्स हाय ती. धम्मादादाला काहीच नको होतं, तो आजीसाठी आला. अन् आजीला एकच पाहिजे होतं. अनुराधपुरातला बोधिवृक्ष. बुद्धगयेच्या झाडाची फांदी संघमित्रेनं तिथं नेली, ते झाड अजून उभं हाय, हे आजोबांनी तिला कधीतरी सांगितलं होतं. तिथं जाऊन एकदा टेकायचं, बस. आई अन् काकू मागं राहिल्या. म्हणल्या, तुम्ही सगळे गेलात की आमची सहल घरीच होते.

हैदराबादच्या विमानतळावर आम्ही बसलेलो. आत्या मोबाईल बगून राहिली होती. एकदम म्हणली, “भाऊ, हे वाचलं का? अंगावर बुद्ध गोंदलेला असंल तर श्रीलंकेत त्याला अपमान समजतात. विमानतळावरून वापस पाठवतात. एका गोऱ्या बाईला पाठवलं बी.”

काका हसले. “ते गोऱ्यांसाठी आहे. ते फॅशन करतात. आपण अनुयायी आहोत.”

“हितं आसं लिव्हलं न्हाई भाऊ, की अनुयायी सोडून.”

बाबा म्हणले, “मग अनुयायी असल्याचं कपाळावर गोंदून घ्यावं का आता?”

“रविकांत, हा विनोदाचा विषय नाही.” काकांनी आजूबाजूला बगितलं अन् आवाज खाली आणला. “धम्मानंद, हात खाली घे.”

दादा काही हात वर करून बसला नव्हता. आजीच्या मांडीवर ठेवला होता. आजीचे गुडघे गेलेत ना, ती दादाच्या उजव्या हाताला धरूनच चालते. दोन वर्सांमागं ती पडली तवापासून तो हातच तिची काठी हाय.

काकांनी बॅग उघडून स्वतःचा पांढरा फुलबाहीचा शर्ट काढला. दादा दंडानं दणकट, शर्ट त्याला पोटात ढिला अन् हातात तंग. बाहीचं बटन लावलं तर बोटं लाल झाली. काका म्हणले, “परत नांदेडला पोहोचेपर्यंत ही बाही वर सरकता कामा नये.” ज्या हाताला माईकवरून टाळ्या मिळाल्या होत्या, त्या हाताला हुकूम झाला बग!

कोलंबोच्या काउंटरवर दादा असा उभा राहिला जसं काय शर्टात बाँब हाय. तिथला माणूस म्हणला, “वेलकम.” दादा म्हणला, “सॉरी.”

पहिले दोन दिवस समुद्र, कारण विमानतळापासून बाबांनीच गाडीवाल्याशी दोस्ती केली होती. उनावटुना म्हणून जागा हाय. पाणी निळं न्हाई म्हणता येत, हिरवं बी न्हाई, काचेच्या बांगडीसारखं. बाबा लेंगा वर करून जे पाण्यात शिरले ते जेवायलाच बाहेर. काकांनी इतिहास म्हणून गॉलचा किल्ला दाखवला. आजी म्हणली, “आपला कंधारचा याच्यापेक्षा मोठा हाय. तिथं कुणी तिकीट काढून जात न्हाई, एवढाच फरक.” अन् समुद्राकडं बगून म्हणली, “एवढं पाणी, अन् प्यायला बाटली इकत. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तवा हे सगळं हितं पडून होतं का?”

आता चित्र बग डोळ्यापुढं. सगळा किनारा उघडा. गोरे लोक, तिथले लोक, पोरं, म्हातारे, सगळे उघडे. अन् एका नारळाखाली दोघंच जण मनगटापर्यंत झाकलेले. फुलबाहीचा धम्मादादा अन् फुलबाहीची आजी. एक शहाळंवाली बाई आली, दोघांकडं बगितलं, अन् खुणेनं विचारलं, ताप हाय का?

आजीच्या पोलक्याची बाही मनगटापर्यंत असती, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत. मे महिन्यात बी. नांदेडच्या उन्हात! कामून, हे कुणी विचारत न्हाई. काकांना वाटतं आजीची शिस्त. मला ठाऊक होतं, कारण गुडघे गेल्यापासून, मी नांदेडला घरी असले की आंघोळ मीच घालते तिला. तिच्या मनगटाच्या वर गोंदण हाय. नुसत्या हिरव्या ठिपक्यांची एक बाई, तिकोनी लुगडं, दोन्ही हात वर. मरीआई. हिमायतनगरकडच्या गावात लहानपणी गोंदलेली. आजोबांनी देव सोडले गोदावरीत, पण हातावरचा कसा सोडणार? मग त्यांनी शिंप्याला सांगितलं, बाही लांब शिव. झालं. साठ वर्सं बाही लांब.

पुढचं दादानं मला सांगितलं, म्हणून त्याच्या बाजूनं सांगते. दोघं बसले होते नारळाखाली, अन् एक लाट आली फसवी, सरळ दादाच्या छातीपर्यंत. पांढरा शर्ट भिजला अन् हाताला चिकटला, अन् आतून बुद्ध असा दिसायला लागला जसं खिडकीतून कुणी बगावं. समोरून पोलिसाच्या कपड्यातला एक माणूस येऊन राहिला होता. दादाचं पाणी पाणी झालं. आजीनं पदर काढला अन् त्याच्या हातावर टाकला. तो माणूस गेला. शहाळं घ्यायला चालला होता बिचारा.

दादा म्हणला, “आजी, मी काय चोर हाव का गं? मी तर भक्तीनंच काढला ना हा.”

“माझ्या आईनं बी भक्तीनंच काढून दिलं होतं,” आजी म्हणली, अन् बाही वर करून पहिल्यांदा त्याला ते गोंदण दाखवलं. “सुई टोचताना मी रडले. आय म्हणली, रडू नको चांगुणा. मेल्यावर सगळं हितंच ऱ्हातं, दागिना ऱ्हातो, लुगडं ऱ्हातं, गोंदण तेवढं संगं येतं. त्याच वर्सी ती गेली. तिचा फोटू न्हाई, काई न्हाई. तुझा आजा म्हणायचा, ही मरीआई हाय, झाक. मी झाकली. मला ती मरीआई कधी दिसलीच न्हाई रे. मला आय दिसती.”

दादानं कुणाला सांगितलं न्हाई. मला सांगितलं ते नांदेडला आल्यावर. पण त्या दिवसापासून तो शर्टाबद्दल कुरकूर करायचा बंद झाला.

मग अनुराधपूर. जाताना रस्त्यावर एक हत्ती आडवा आला, आत्याचं तिकीट तिथंच वसूल झालं. ती रडली. खरंच रडली, हत्ती बगून.

भांडण झालं ते सकाळी, हॉटेलच्या नाश्त्याला. पुढं इडियप्पा म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, खोबऱ्याची लाल चटणी, अन् आजीपुढं घरून आणलेली कडक भाकरी. काका म्हणले, “धम्मानंद आज हॉटेलवरच थांबेल.”

आजी म्हणली, “कामून?”

“माय, तिथं पांढरे कपडे घालावे लागतात. पांढऱ्यातून दिसतं. समुद्रावरून तो ओला आला तेव्हा दिसलं ना. जागृत स्थान आहे ते, तिथं तपासणी असते. पकडला तर त्याला तर पाठवतीलच, आपल्या सगळ्यांना बाहेर काढतील. तुझं दर्शन राहील.”

“मग मी चालू कशी?”

“रविकांत धरेल.”

“रविकांत स्वतः ठेचाळतो.”

“हाव, हे खरं हाय,” बाबा म्हणले.

“मग व्हीलचेअर…”

“ज्ञानोबा,” आजी म्हणली. तिनं नाव घेतलं की काका असे बगायचे जसं कुणी सभेत चिठ्ठी पाठवलीय. “त्या झाडाखाली मला ह्या पोराच्या हाताला धरून जायचं हाय. हा हात न्हाई तर मी बी न्हाई. माझी भाकर हितं हाय, मी हितंच बसते. तुमी जा, बगून या, फ्लेक्स लावा.”

आता काकांचं बी ऐक वर्षे, उगं त्यांना खलनायक करू नको. आजोबांचा शेवटचा आजार काकांनी काढला. आजोबा त्यांचा हात धरून म्हणले होते, घरात जुनं काही शिरू देऊ नको. तेव्हापासून काका दारात उभे हाईत म्हण. शाळेत मास्तर हजेरी घ्यायचा तवा त्यांच्या नावावर वर्ग हसायचा, ‘ज्ञानोबा, तुमचा तुकोबा कुठाय?’ ह्या माणसाला आयुष्यभर एकच भीती. कुणीतरी बोट दाखवंल अन् म्हणंल, हे अजून पुरते आले न्हाईत. अन् आता ज्या देशाला ते पुरते आलेल्या लोकांचा देश समजत होते, तिथंच त्यांच्या पोराचा हात चुकीचा निघाला.

दादा पकडला जाईल ह्या भीतीनं आत्या विमानतळापासून काकांच्या बाजूची होती. पण आजीनं भाकर पुढं सरकवली, खाल्ली न्हाई, ते बगून आत्या फिरली. म्हणली, “भाऊ, बँडेज बांधते. माझ्या पर्समधी क्रेप बँडेज हाय. कोपरापासून बोटांपर्यंत. वरून शर्ट. कोण बगतंय?”

बाबा म्हणले, “अन् कुणी विचारलं तर?”

काकांनी चमच्यानं चटणी ढवळली. मग म्हणले, “कोणी विचारणार नाही.”

वर्षे, कुणी तुला कधी म्हणलं ना, की कोणी विचारणार न्हाई, तर समज की आता विचारायची रांग लागणार हाय.

आत्यानं असं बांधलं, असं बांधलं, की दादाचा हात हात राहिलाच न्हाई, शेंगदाण्याच्या पोत्यासारखा झाला. गेटवर तपासणीवाल्यानं बँडेज बगितलं अन् दयेनं मान हलवून आधी आत सोडलं. काकांचा चेहरा खुलला. अनवाणी, पायाखाली तापलेली फरशी, मग वाळू, हातात कमळं, चोहीकडं पांढरेच पांढरे लोक. अन् वर ते झाड. लई मोठं असंल वाटलं होतं मला. मोठं न्हाई. म्हातारं हाय. फांद्यांना सोनेरी टेकू लावलेत. आजी दादाच्या बँडेजला धरून चालत होती, थांबली, वर बगितलं, अन् म्हणली, “ह्याला बी हाताला धरलंय.”

सगळी जण वाळूत बसली. एक म्हातारे भंतेजी समोर. त्यांनी त्रिशरण सुरू केलं. चाल वेगळी होती, पण शब्द तेच! आजीला इंग्रजी येत न्हाई, हिंदी बी मोडकी, तिथल्या भाषेचा तर सवालच न्हाई, पण पंचशील तर ती रोज संध्याकाळी म्हणती. ती मोठ्यानं म्हणायला लागली. बाजूच्या बाया वळून बगायला लागल्या. एकीनं आपली चटई तिच्याकडं सरकवली. काकांचा आवाज सगळ्यात खणखणीत. पाच शीलं झाली. त्यातलं चौथं काय हाय, खोटं बोलणार न्हाई. ते काका एवढं ठासून म्हणले की भंतेजींनी त्यांच्याकडं बगितलं.

अन् बगितलं तर बाजूला बँडेज.

भंतेजी दोरा बांधून राहिले होते पुरुषांच्या उजव्या मनगटाला. पांढरा, मंत्रून दिलेला. दादापाशी आले अन् थांबले. काकांकडं बगून मोडक्या इंग्रजीत विचारलं, “अ‍ॅक्सिडेंट?”

काका म्हणले, “येस. येस.”

“मोटरसायकल?”

“येस.”

“बोन?”

आता इथं गप्प बसावं ना माणसानं! काका म्हणले, “टू बोन्स.”

बाबांनी तोंडात रुमाल कोंबला. भंतेजींचे डोळे भरून आले. त्यांनी मागं वळून सगळ्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, अन् त्या सगळ्या बाया सरकून दादाभवती बसल्या अन् पाठ म्हणायला लागल्या. किती बाया, किती! एक बोळक्या तोंडाची म्हातारी तर दादाच्या बोटांवर हळूहळू फुंकर घालायला लागली. दादा घामानं निथळत होता, खाली मान घालून. मला वाटलं तो आता रडंल.

आजीनं आत्याला विचारलं, “काय म्हणून राहिल्यात गं ह्या?”

“धम्माचा हात बरा व्हावा म्हणून पाठ करून राहिल्यात.”

“काय झालं हाताला?”

“मोडलाय.”

“कुणी मोडला?”

“भाऊनं.”

आजी काकांकडं वळली. तिचं तोंड मी तसं कधी बगितलं न्हाई. रागाचं न्हाई. लेकरानं बाजारात हात सोडला की माय बगती ना, तसं. “ज्ञानोबा,” ती म्हणली, “आत्ता माझ्या बाजूला बसून शील घेतलंस. घेऊन पाय बी न्हाई उचलला तू हितून. ह्या बायाची माया खोट्यावर घेतोस?”

“माय, हळू. नंतर बोलू.”

“नंतर मी हितं कवा येणार?”

अन् तिनं काय केलं सांगू? बँडेजला हात न्हाई लावला आधी. आधी स्वतःच्या पोलक्याचं बटन काढलं अन् बाही वर केली. पार कोपरापर्यंत. साठ वर्सं ऊन न लागलेला हात, इतका गोरा, की मलाच कुणा दुसऱ्याचा वाटला. अन् त्यावर ती ठिपक्यांची बाई, दोन्ही हात वर करून.

काकांना घाम फुटला. “माय, ते झाक. लोक बगून राहिलेत.” बग, घाबरल्यावर काका बी ‘बगून राहिलेत’ म्हणतात. “ते जुनं आहे, ते इथं नको.”

“जुनं तर तुझं नाव बी हाय. ते कोणत्या गोदावरीत सोडलंस?”

आजीनं त्या ठिपक्यांवर बोट ठेवलं.

“आयनं सांगितलं होतं, गोंदण संगं येतं.”

“माय, आपल्या धम्मात आत्मा नाही. संगं जाणार कोण?”

“जाणारच कोण न्हाई, तर मग तू भितोस कुणाला?”

 

भंतेजींना काही कळत नव्हतं, पण काहीतरी घडून राहिलंय एवढं कळलं. त्यांनी आजीच्या हाताकडं बोट करून विचारलं, हे कोण? आजी म्हणली, “माझी आय हाय.” आत्यानं सांगितलं, “हर मदर.”

मग आजीनं दादाचं बँडेज सोडायला घेतलं. फेरे संपंचनात. आत्यानं लई मनापासून बांधलं होतं ना. काका एकदा “माय” म्हणले, एवढंच. मला वाटलं आता शिट्टी वाजंल, पोलीस येतील, दादाला नेतील, अन् आजी वाळूत बसल्या जागी संपंल. बाया बगत होत्या. शेवटचा फेरा निघाला अन् घामेजलेला, चुरगळलेला बुद्ध डोळे मिटून बाहेर आला.

ती फुंकर घालणारी म्हातारी फुंकर घालायची थांबली. तिनं हात मागं घेतला. ते मला सगळ्यात जास्त लागलं. एका बाईनं तोंडावर पदर घेतला. ते लोक काही वाईट न्हाईत गं, त्यांना खरंच दुखलं. आपल्या पवित्र गोष्टीवर कुणी घाम पुसावा, तसं.

भंतेजी खाली बसले, दादाच्या समोर, त्याच्या बरोबरीनं. म्हणले, “गुड हार्ट.” मग म्हणले, “राँग प्लेस.” अन् दोऱ्याचं रीळ घेऊन मनगटापासून वर गुंडाळत गेले, गुंडाळत गेले, त्या चित्रावरून, बुद्धाचे डोळे दोऱ्याखाली गेले, नुसतं कमळ दिसत राहिलं. मग उरलेला दोरा दादाच्या हातात दिला. भंतेजी बायांना हात लावत न्हाईत ना, म्हणून खुणेनं म्हणले, तिला तू बांध.

दादानं आजीच्या मनगटाला दोरा बांधला. बरोबर त्या ठिपक्यांच्या बाईच्या पायाशी. मी फोटो काढला. वर दोघांची तोंडं, खाली दोन हात, दोन गोंदणं, एक दोरा, मागं झाडाचा टेकू. अन् बाजूला अर्धी ती म्हातारी. कारण ती परत आली होती, वर्षे. आजीच्या गोंदणावर बोट ठेवून तिनं आपल्या भाषेत काहीतरी विचारलं, अन् आजीनं मराठीत उत्तर दिलं, अन् दोघी कितीतरी वेळ बोलल्या. काय बोलल्या, कुणाला माहीत.

भंतेजींनी आम्हाला मागच्या बाजूच्या, कमी गर्दीच्या दारानं काढलं. गाडीत आजी दादाच्या खांद्यावर झोपली. मग काका मला म्हणले, “प्रिया, तो फोटो दाखव.” मी मोबाईल दिला. त्यांनी दोन बोटांनी मोठा केला. मला वाटलं दादाचा हात बगून राहिलेत. न्हाई. आजीचा. पोटच्या पोरानं मायचा उघडा हात पहिल्यांदा नीट बगितला, साठीत, तोही मोबाईलवर. म्हणले, “हे एवढंसंच आहे?” मोबाईल परत दिला अन् खिडकीबाहेर बगत बसले, तिथं पेट्रोल पंप होता.

आता तुला वाटंल गोष्ट संपली, काका बदलले, सगळं गोड. आमच्या घरात असं होत न्हाई.

काल नांदेडहून काकांचा फोन. यात्रा पूर्ण झाली म्हणून चौकात दुसरा फ्लेक्स लावायचा, पहिल्यापेक्षा मोठा. फोटो मीच काढलेत तर मीच पाठवायचे. म्हणले, “तो झाडाखालचा फोटो मधी घे. अन् ऐक, यंदा नाव पूर्ण टाक. डी. के. नको. ज्ञानोबा.” मी म्हणलं, “हाव काका!” तर म्हणले, “फक्त हात कापून घे. तोंडं तेवढी ठेव. समितीचे लोक आहेत, कोण काय अर्थ काढंल. अन् धम्मानंदला परत कधी जायचं असलं तर फ्लेक्सवरून तो हात इंटरनेटवर जायला नको.”

ते बी खोटं न्हाई ना. दादाला विचारलं तर म्हणतो, आजी म्हणंल ते.

मग आजीला फोन लावला. तिला सांगितलं. मागं काकूचा कुकर शिट्ट्या देऊन राहिला होता. म्हणली, “प्रिये, नाव पुरं टाक म्हणला का त्यो?” मी म्हणलं, हाव. लई खूश झाली, हसली. मग म्हणली, “तर मग त्याचं मन मोडू नको. पण पोरी, मला हात कापून चौकात उभी करू नको. त्यापरीस माझा फोटूच नको.”

आता हे बग, दोन्ही हितं हाईत मोबाईलमधी. ह्यात नुसती तोंडं, खाली ‘ज्ञानोबा’ पूर्ण नाव, किती छान दिसतंय. अन् ह्यात हात हाईत. आजीला काढून टाकलं तर फ्लेक्सवर उरतंय कोण, विमान? ह्यो बग, परत त्याचाच फोन. म्हणतो, मशीन चालू हाय ताई, पाच मिनिटात पाठवा.

तू सांग वर्षे, तू असतीस तर कोणता पाठवला असतास?